विना लायसनची चौकशी

माझ्याकडं लायसन नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच उठून कोणी विचारायला नको. ज्या कामावरून त्या रविवारी एवढा गोंधळ झाला, त्याचं तर नाहीच नाही. तरी ते काम मी लई वर्षं करत आले आणि हातपाय चालतात तोवर करणार.

काम म्हणजे चौकशी. लग्नाची. नात्यात, ओळखीत कोणाच्या पोरीला स्थळ आलं आणि मुलगा इथं शहरात राहणारा निघाला, की मला फोन येतो. ‘आक्का, जरा बघता का?’ मग मी बघते. बदल्यात काही घेत नाही. लग्न जमलं तर पहिल्या पंगतीला बसवा म्हणते, तेवढं बसवतात.

शिकून कोणी हे काम करत नाही, मीही करत करतच शिकले. मुलाच्या घरी कधी जायचं नाही, हे मला पहिल्याच खेपेला कळलं. घरी गेलं की पोहे मिळतात, चहा मिळतो, मुलाची बक्षिसं बघायला मिळतात, आणि आपण हात हलवत परत येतो. विचारायचं ते इस्त्रीवाल्याला, गिरणीत, भाजीच्या गाड्यावर. एकानं सांगितलेलं नुसतं ऐकायचं. दुसऱ्यानं तेच न विचारता सांगितलं तर मग धरायचं. कळलेलं आधी पोरीला सांगायचं, नंतर तिच्या बापाला. आणि ज्यानं सांगितलं त्याचं नाव कोणापुढं घ्यायचं नाही, मग समोर कोणी का उभा असेना. ह्या शेवटच्या नियमानं माझी कशी गोची केली, तेच सांगायला बसले आहे. ज्यांच्याबद्दल लिहिते त्यांना विचारलं आहे. ‘बाकी सगळं लिहा, नावं तेवढी गाळा,’ म्हणाल्या.

माझ्या धाकट्या भावाची पोरगी माझ्याकडं राहते, गारखेड्याला. भाऊ सोयगावकडं शेती करतो. पोरगी फार्मसी शिकली आणि एका दवाखान्याच्या मेडिकलवर लागली. तिला स्थळ आलं. मुलगा वाळूजला कंपनीत इंजिनियर, आमच्यापासून दोन चौक पलीकडं सोसायटीत स्वतःचा फ्लॅट, वडील वारलेले, घरात तो आणि त्याची आई, दोघंच. बोलणी त्याचा काका करत होता. मुलगा काकाला घेऊन पोरगी बघून गेला, आई काही आली नाही. मुलगा दिसायला उंच, बोलायला गोड. भाऊ फोनवर म्हणाला, “आक्का, असं स्थळ घरी चालत आलंय, हातचं जाऊ देऊ नको.”

“आधी मला बघू तर दे,” मी म्हणाले. “तुला काय, तू तिकडं कापसात. नांदायचं तिला आहे.”

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघाले. सोसायटीच्या गेटवर एक बाई उभी होती, गार्डच्या कपड्यात. निळी पँट, फिकट शर्ट, छातीवर फोटोचं कार्ड, केसांचा घट्ट अंबाडा. मी पायरीवर टेकले आणि पाणी मागितलं. तिनं स्वतःच्या बाटलीतलं दिलं, वर खुर्ची पुढं सरकवली. अशी माणसं मला आवडतात. मग मी हळूच विचारलं, “ते दुसऱ्या मजल्यावरचं पोरगं, वाळूजला जातं बघ, कसं आहे गं?”

“मावशी, पाणी घ्या. चहा पाहिजे तर चहा सांगते. पण इथल्या माणसांचं मी बोलत नसते.”

“अगं, वाईट कुठं विचारतेय?”

“चांगलंबी नाय सांगणार. ट्रेनिंगमधी शिकवलंय तसं.”

“गेटवर बसायला ट्रेनिंग लागतं का काय?”

तिला ते लागलं. “बसायला नाय मावशी, उभं राहायला. बसायला तुम्हीच बसलात.”

मला हसू आलं. खरंच, खुर्चीत मी होते आणि ती उन्हात. मग मीच तिला बोलतं केलं. मुलाबद्दल नाही, तिच्या कामाबद्दल. भरतीच्या वेळी मोजपट्टीखाली उभं केलं, तेव्हा अंबाडा सोडायला लावला म्हणाली, उंची खोटी भरू नये म्हणून. डोळे तपासले. मग वर्गात बसवलं, कितीतरी दिवस, आणि नंतर प्रत्यक्ष मैदानात. आग लागली तर काय, गर्दी झाली तर काय, कोणाला भोवळ आली तर काय, माणूस दाखवतो ते ओळखपत्र खरं का खोटं. पोलिसांकडून पडताळणी झाली, तेव्हा एक जण वस्तीत येऊन शेजारपाजाऱ्यांना तिच्याबद्दल विचारून गेला. एजन्सीला सरकारचं लायसन लागतं, ठरावीक वर्षांनी ते पुन्हा काढावं लागतं. कपडे पोलिसांसारखे दिसता कामा नयेत, आणि कार्ड छातीवर लावल्याशिवाय ड्युटी करायची नाही.

“आता तुमचं सांगा,” ती म्हणाली. “तुम्ही अशा लोकांचं विचारत फिरता, तुम्हाला कोणी मोजलं?”

“मला मोजायला कोण येतंय? आलं तरी अंबाडा सोडायची नाही मी.”

ती जी हसली! तेवढ्यात तिचा फोन वाजला. “जय भीम ताई, ड्युटीवर हाय, मागून करते,” म्हणून तिनं ठेवला. टपरीवरून चहा आला, दोघींनी घेतला. निघताना मी म्हणाले, “येते गं. जय भीम.” ती म्हणाली, “जय भीम मावशी. पाणी प्यायला कधीबी या. बाकी कशाला नका येऊ.”

तिनं एक अक्षर सांगितलं नव्हतं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं सगळं ह्याच्यावरच आलं.

त्या सोसायटीच्या मागं गिरणी आहे. गिरणीवाले चाचा माझ्या ओळखीचे, माझं दळण तिथंच असतं. दोन दिवसांनी ज्वारीचा डबा घेऊन गेले. लाईट गेलेली. माझ्याआधी एक बाई बाकावर बसली होती, माझ्याच वयाची, बारीक, डोक्यावर पदर. लाईट येईपर्यंत करायचं काय, तर बोलायचं. मी काय, दगडाशीही बोलेन. ज्वारी यंदा कशी, भाकरी थापताना का तुटते, असं करत करत मी माझ्या भाचीवर आले आणि तिथून स्थळावर. नाव घेतलं नाही, पण वाळूज म्हणाले, मागची सोसायटी म्हणाले, वडील नाहीत म्हणाले.

बाईनं पदर पुढं ओढला, तोंड फिरवलं. मला वाटलं कंटाळली. मग हळू आवाजात म्हणाली, “तिथं देऊ नका.”

“का? तुमच्या ओळखीतले आहेत?”

तिनं हातातल्या बांगड्या कोपराकडं सारल्या. मनगटाच्या वर निळं-पिवळं झालेलं. दाबून धरल्याचा डाग मला ओळखू येतो.

“पोरगं माझंच आहे,” ती म्हणाली. “शिकवलं मी, वाढवलं मी. मी आहे तोवर माझ्यावर भागतंय. उद्या दुसऱ्याची लेक आणली तर तिच्यावर जाईल. मला ते बघायचं नाही.”

लाईट आली, गिरणी सुरू झाली आणि बोलता येईना. चाचांनी तिचा डबा भरून दिला. जाताना ती माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, “माझं नाव काढू नका. घरात माझ्या बाजूचं कोणी नाही.” मी तिचा हात धरला आणि नाही काढणार म्हणाले.

एरवी मी दुसऱ्या तोंडाची वाट बघते. त्या दिवशी बघितली नाही. आई स्वतःच्या पोराबद्दल असं बोलते म्हटल्यावर दुसरं तोंड कशाला?

रात्रीच्या जेवणाला बसताना भाचीला सांगितलं. ती थोडा वेळ भात चिवडत राहिली. मग म्हणाली, “आत्या, आईला मारतो, आणि मला म्हणाला घरी आईचंच राज्य आहे.” एवढंच बोलली. मुलाला सोडून तिनं त्या आईचाच विचार केला, ते मला बरं वाटलं. भावाला फोन केला. त्याला बजावलं, नुसतं ‘जमत नाही’ म्हण, पत्रिकेचं कारण दे. पण आमचा भाऊ सरळ मनाचा. काकानं दोनदा विचारल्यावर म्हणाला, “आम्ही चौकशी केली. मुलाचा स्वभाव आम्हाला झेपायचा नाही.”

झालं. काका पेटला. कोणी सांगितलं, कोणी बदनामी केली? सोसायटीच्या सेक्रेटरीकडं जाऊन गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण बघत बसला. त्यात मी दिसले, खुर्चीत बसून चहा पिताना, आणि शेजारी ती गार्ड बाई हसताना. त्याला तेवढं पुरलं.

तीन-चार दिवसांनी संध्याकाळी माझ्या दाराची कडी वाजली. दारात तीच गार्ड बाई, माझं घर विचारत विचारत आलेली, पण साडीत. मी क्षणभर ओळखलंच नाही. छातीवर कार्ड नव्हतं.

“मावशी, माझं काम जाऊ लागलंय,” ती म्हणाली. “सुपरवायझरनं कार्ड काढून घेतलं. सोसायटीतली माहिती बाहेर सांगितली म्हणत्यात. रविवारी मीटिंग हाय. तिथं ठरवणार.”

तिला आत घेतलं, पाणी दिलं. पेला तिनं तसाच खाली ठेवला.

“काम काय, दुसरं बघीन. हात हायत मला. पण बोलली असते आणि काढलं असतं तर गपचूप गेले असते. नाय बोलले तरी बोलली म्हणून जाऊ? आणि कागदावर तसं लिहिलं तर दुसरी एजन्सी उभी करंल का दारात? तुम्ही फक्त येऊन सांगा, हिनं नाय सांगितलं.”

“सांगते. येणारच मी.”

“मग ते विचारतील, कोणी सांगितलं.”

मी सतरंजीची दुमडलेली कड सारखी करत बसले. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, हिला कळलंय मी कोणाला झाकतेय. चार घरांचं गेट सांभाळणाऱ्या बाईला काय दिसत नसेल? पण तिनं नाव विचारलं नाही. उठली, म्हणाली, “तुमच्या मनाला येईल ते करा मावशी. पण या.”

ती गेल्यावर मला चैन पडेना. एका बाईला दिलेला शब्द पाळला तर दुसरीची भाकर जाते. वर शहरभर निरोप पसरला होता, काकाचाच: बिनालायसनची डिटेक्टिव्हगिरी करते ही म्हातारी, तिच्यावर केस टाकणार. म्हातारी म्हणाला त्याचा राग वेगळाच.

आमच्या वर एक वकीलबाई राहतात. त्यांच्याकडं गेले आणि विचारलं, “बाई, चौकशीला लायसन लागतं का? लागत असंल तर कुठं मिळतं ते सांगा, उद्याच रांगेत उभी राहते.”

त्या हसल्या. म्हणाल्या, “सिक्युरिटी एजन्सीला लागतं, त्याचा कायदा आहे. डिटेक्टिव्हचा कायदा आपल्याकडं अजून झालेलाच नाही. मागं विधेयक गेलं होतं संसदेत, ते कायदा न होताच राहिलं.”

“म्हणजे गेटवर उभी राहते तिला मोजतात, तिच्या वस्तीत पोलीस पाठवतात. आणि लोकांच्या घरातलं हुडकून विकतात त्यांना काहीच नाही?”

“लायसन नाही. पण म्हणून वाटेल ते चालतं असं नाही हं. कोणाचा फोन चोरून बघितला, घरात घुसलात, खोटं पसरवलंत, तर गुन्हाच. तुम्ही काय केलंत?”

“दळण दळलं.”

“मग झोपा निवांत,” म्हणाल्या.

आता मी एक सांगते, कोणाला पटो न पटो. ह्या डिटेक्टिव्ह लोकांना कायदा पाहिजेच. पोरींच्या मागं गाड्या लावतात, त्यांच्या फोनचे तपशील काढतात, फोटो काढतात, आणि ज्यानं फी भरली त्याच्या हातात देतात. त्यांना एकदा अंबाडा सोडून मोजपट्टीखाली उभं करा. त्या रांगेत मलाही उभं करा, माझी ना नाही. पण पोरीकडच्यांनी तोंड उघडलं की लायसन मागायचं आणि पोराकडच्यांनी गल्लीभर विचारलं की त्याला रीत म्हणायचं, हे मी चालू देणार नाही.

शनिवारी गिरणीत गेले. ती बाई काही भेटली नाही. चाचांना म्हणाले, “त्या ज्वारीवाल्या ताई आल्या तर सांगा, उद्या सकाळी सोसायटीत मीटिंग आहे. त्यांनी खाली येऊ नये. मी बघून घेईन.”

चाचा पिठानं पांढरे झालेले, पापण्यासुद्धा. म्हणाले, “हौ, बोल देता. पर खाला, तुम अकेली जाते क्या उधर?”

“अकेली कशाची? तोंड आहे ना संगं.”

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरी टेबलामागं, शेजारी काका कडक इस्त्रीत, बाजूला एजन्सीचा सुपरवायझर. मुलगा गाडीला टेकून मोबाईल बघत होता, जणू काही दुसऱ्याच कोणाचं चाललंय. गार्ड बाईला मधोमध उभं केलेलं, साध्या साडीत. बायकांमध्ये दोघी-चौघीच आल्या होत्या, कारण नळाला पाणी यायचा वार हुकला होता आणि बाकीच्या वर टँकरची वाट बघत होत्या. मला खुर्ची कोणी दिली नाही. मी एक ओढली आणि गार्ड बाईच्या शेजारी नेऊन ठेवली. बसले मात्र नाही.

काकानं सुरुवातच केली, “तुम्ही कोण लागून गेलात? कुठल्या एजन्सीच्या? लायसन दाखवा तुमचं.”

“दाखवते,” मी म्हणाले. “आधी तुमचं बघू. आमची पोरगी बघायला यायच्या आधी तुमच्या घरची एक बाई आमच्या गल्लीत येऊन गेली. किराणावाल्याला विचारलं, पोरगी किती वाजता घरी येते. मेडिकलमधल्या मालकाला विचारलं, फोनवर कोणाशी बोलते. आमच्या भांडेवालीला विचारलं, पोरीचा रंग जन्माचा आहे का उन्हानं गेलाय. त्या बाईच्या लायसनवर शिक्का कोणत्या ऑफिसचा होता?”

मागं कोणीतरी फिसकन हसलं.

“ती रीत असते,” काका म्हणाला. “लग्नात बघावं लागतं.”

“मग मीही रीतच पाळली. आमच्याकडून पाळली की ती बदनामी कशी होते?”

तो माझा नाद सोडून गार्ड बाईकडं वळला. “मुळात गेटवर कोणालाही आणून उभं केलं की असंच होणार. कुठल्या वस्तीतून येतात, काय वळण...”

ती खाली चपलांकडं बघायला लागली. मला ते सहन झालं नाही.

“वस्ती मधी आणायची नाही! तिच्या वस्तीत पोलीस जाऊन तिच्याबद्दल विचारून आलेत, तेव्हा ती ह्या गेटवर आली. तुमच्याबद्दल, माझ्याबद्दल कोण विचारायला आलंय आजवर? इथं तपासून घेतलेलं माणूस कोण असंल तर ती एकटी आहे.”

सेक्रेटरी बिचारे मवाळ. म्हणाले, “आजी, वाद नको. एकच सांगा. हिनं नाही सांगितलं तर मग कोणी सांगितलं?”

“नाव घेणार नाही.”

“मग आम्ही मानायचं कसं?”

“माझ्या तोंडाकडं बघून माना. हिनं सांगितलं नाही, मी दोनदा विचारलं तरी नाही. पाणी दिलं, चहा दिला, आणि बाकी कशाला येऊ नका म्हणाली.”

सुपरवायझर कुरकुरला, “अम्मा, मेरी भी सुनो. एजन्सीचं लायसन रिन्यूला आहे. सोसायटीनं लेखी कंप्लेंट दिली तर मला बाईला काढणंच आहे. नाम बोलो और छुट्टी करो ना.”

नाव माझ्या ओठांवर होतं. खोटं कशाला सांगू? गार्ड बाई माझ्याकडं बघत नव्हती, तेच मला जास्त लागत होतं. तिनं नुसतं ‘मावशी’ म्हटलं असतं तर काय झालं असतं, मला माहीत नाही.

तेवढ्यात गेटवर भोंगा वाजला. टँकर. एकदा, दोनदा, मग वाजतच राहिला. गेट उघडायला कोणी नव्हतं, कारण उघडणारी मधोमध उभी होती. ती सवयीनं निघाली, तर सुपरवायझर म्हणाला, “तुम ठहरो, तुमको हटाया है ना गेट से.”

“अहो, उघडू द्या तिला!” सेक्रेटरी ओरडले. “परत गेला तर आंघोळीला काय, भाषण घ्यायचं?”

तिनं जाऊन गेट उघडलं, साडीचा पदर खोचून टँकर मागं घेतला. “येऊ दे, येऊ दे, डावीकडं, बस्स!” पाईप लावून दिला, हात पुसले आणि परत येऊन होती तिथंच उभी राहिली. आता मात्र बऱ्याच जणांना हसू आवरेना.

टँकर आला म्हणून वरच्या बाया खाली आल्या. त्यांच्यात ती होती. खांबापाशी, डोक्यावर पदर. मी तिच्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. तिनं बघितलं आणि नजर काढून घेतली. मग पुढं आली.

“भाऊजी,” ती काकाला म्हणाली, “मी सांगितलं.”

“वहिनी, तुम्ही वर जा.”

“वर जाऊन काय करू? मार वरच खाते मी.”

टाकीत पाणी पडत होतं. तिनं गिरणीतल्यासारख्या बांगड्या सारल्या नाहीत. गरजच पडली नाही. सरळ उभी राहून म्हणाली, “माझं पोरगं माझ्यावर हात उचलतं. तुम्हाला ठाऊक आहे भाऊजी, तुम्हीच म्हणालात लग्न झालं की निवळेल. कोणाच्या लेकीवर निवळवायचं? मी गिरणीत ह्या ताईंना सांगितलं. ह्या गार्ड बाईचा काही संबंध नाही. तिला कामावर घ्या.”

मुलानं मोबाईल खिशात घातला. गोड आवाजात म्हणाला, “आई, आधी घरात चल,” आणि तिच्या कोपराला धरायला पुढं झाला.

त्याच्या आधी गार्ड बाई पोचली होती. कधी निघाली, मला दिसलं नाही. दोघांच्या मधे उभी, एक हात आडवा.

“साहेब, मागं व्हा.”

“तू कोण गं? कार्ड कुठंय तुझं?”

“कार्ड त्यांच्या खिशात हाय. मी इथं हाय. मागं व्हा.”

आवाज चढवला नाही तिनं. तो तिच्यापेक्षा हातभर उंच. तरी मागं झाला. मग खालच्या मजल्यावरची एक बाई त्या आईच्या शेजारी येऊन उभी राहिली, मग दुसरी. मीही गेले. बादल्या हातात घेतलेल्या तशाच होत्या सगळ्या.

सुपरवायझरनं खिशातून कार्ड काढलं आणि गार्ड बाईकडं न बघताच पुढं केलं. “लगा लो,” म्हणाला. “बिना कार्ड ड्युटी नहीं करते. रूल है.”

तिनं ते साडीला लावलं आणि गेटकडं गेली, कारण टँकरवाल्याला बाहेर जायचं होतं.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. काकानं माझ्यावर अर्ज दिलाच. मला ठाण्यात बोलावलं, मी गेले, झालं तसं सांगितलं. हवालदारानं ऐकून घेतलं, अर्ज बाजूला ठेवला आणि खुर्ची जरा पुढं ओढून म्हणाला, “मावशी, माझ्या पुतणीला लासूर स्टेशनचं एक स्थळ आलंय...” त्यालाही आधी पोरीला सांगेन म्हणाले, तर कबूल झाला.

मुलाचा स्वतःचा म्हणून सांगितलेला फ्लॅट त्या आईच्या नावावर निघाला. वकीलबाईंनी तिला तिचे हक्क समजावून सांगितले. मुलगा आता काकाकडं राहतो. अधूनमधून भेटायला येतो. गेटवर गार्ड बाई त्याला थांबवते, ‘कोणाकडं?’ म्हणून विचारते आणि वर फोन लावते. त्यानं पहिल्या वेळी आरडाओरडा केला. ती म्हणाली, “नियम सगळ्यांना एकच हाय साहेब.” आई कधी ‘पाठवा’ म्हणते, कधी ‘आज नको’ म्हणते. नको म्हटलं त्या दिवशी रडते, ते मला ठाऊक आहे. पण म्हणते.

भाचीला नवीन स्थळं येतात. परवा म्हणाली, “आत्या, ह्या वेळी डबा घेऊन गिरणीत मीच जाते.” जा म्हटलं.

मी आता त्या आईकडं जाते येते, भाकरी खायला. मुलाच्या घरी जायचं नाही हा नियम होता, पण ते आता मुलाचं घर कुठंय? गेल्या आठवड्यात गेले तर गार्ड बाईनं मला गेटवरच अडवलं.

“मावशी, नोंद करा.”

“अगं, मला ओळखत नाहीस का?”

“लई ओळखते. म्हणूनच करा.”

वही पुढं केली. नाव लिहिलं, कोणाकडं ते लिहिलं. शेवटच्या रकान्यात कामाचं कारण विचारलं होतं. मी चष्मा लावला आणि सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं: चौकशी.

तिनं वाचलं, फोन उचलला. “ताई, खाली मावशी आल्यात. सोडू का?”

वरून काय उत्तर आलं ते ऐकू येईपर्यंत मी उन्हात उभी राहिले. खुर्ची रिकामी होती, तरी बसले नाही.